कोटीपोटाचा कारभार

भोपाळचा मोठा तलाव अकराव्या शतकात राजा भोजाने बांधविला अशी परंपरा आहे, आणि त्याच्या काठाने पसरलेल्या वनविहारास 1983 साली राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला. क्षेत्र अवघे साडेचार चौरस किलोमीटरांच्या आतबाहेर; परंतु वाघ, अस्वल, तरस यांना प्रशस्त आवारांत बंदिस्त करून चितळ, सांबर, नीलगाय आणि रानडुक्कर यांना मोकळे सोडण्याची जी व्यवस्था येथे आहे, तिच्यामुळे एकाच रस्त्याने संथपणे चालणाऱ्या माणसाला पचनसंस्थेच्या निरनिराळ्या तऱ्हा अगदी शेजारीशेजारी पाहावयास मिळतात. बहुतेक लोक येथे वाघ पाहावयास येतात. वाघ बहुधा निजलेला असतो, आणि खरोखरीचा उद्योग त्या वेळी झाडाच्या सावलीत डोळे अर्धवट मिटून बसलेल्या चितळाच्या पोटात चाललेला असतो.

चितळ चरतो तेव्हा नीट चावीत नाही. ज्याच्या पाठीवर वाघ केव्हाही येऊन पडेल त्याने उघड्यावर सावकाश जेवावे ही अपेक्षाच गैर. घासामागून घास कोटीपोटात, म्हणजे पोटाच्या पहिल्या कप्प्यात, ढकलून तो आडोशास जातो, आणि मग तोच चारा पुन्हा तोंडात आणून रवंथ करीत बसतो. या कोटीपोटाचे आकारमान गायीवरून अधिक स्पष्ट होते, कारण तिच्याविषयीचे मोजमाप विपुल आहे. पूर्ण वाढलेल्या गायीचे कोटीपोट शंभर लिटरांहून अधिक मावेल एवढे असते, आणि दिवसाकाठी ती जवळजवळ तितकीच लाळ गिळते. त्या लाळेतील क्षारांमुळे आतील आम्लता हद्दीबाहेर जात नाही. गवतातील सेल्युलोजचे विघटन करणारे विकर मात्र गायीला स्वतःला निर्माण करता येत नाही. ते काम एकेका मिलिलिटरात हजार कोटींच्या घरात असलेले जीवाणू, तसेच आदिजीव आणि कवके हवेवाचून करतात.

हा सारा कारभार एखाद्या रियासतीच्या जमाबंदीसारखा आहे. कुळे कसतात, आणि सरकार वसुली करते. जीवाणू सेल्युलोज फोडून ॲसेटिक, प्रोपिऑनिक आणि ब्युटिरिक ही आम्ले बाहेर टाकतात. कोटीपोटाच्या भिंतीवरील असंख्य बारीक अंकुर ती तेथल्या तेथे शोषून घेतात, आणि जनावराच्या एकूण ऊर्जेपैकी सुमारे सत्तर टक्के याच वाटेने खजिन्यात जमा होते. आतड्यातून गायीला साखर जवळजवळ मिळतच नाही. रक्तातील साखर तिचे यकृत मुख्यतः प्रोपिऑनिक आम्लापासून घडविते, आणि दुधातील स्निग्धांशाचा बराच भाग ॲसेटिक आम्लापासून होतो. मिथेन वायू ढेकरांवाटे निघून जातो. ढेकर अडला की पोटफुगी होते, आणि ती प्राणावर बेतू शकते.

येथपर्यंत सरकार न्यायी वाटते. पुढे मात्र जाळीपोटातून आणि पाणी शोषून घेणाऱ्या पडदेपोटातून गेलेला लगदा चौथ्या, म्हणजे खऱ्या पोटात पोहोचतो, आणि तेथे चाऱ्याच्या अवशेषांबरोबर खुद्द कुळेच आम्लात बुडवून पचविली जातात! गायीला मिळणाऱ्या प्रथिनांचा मोठा हिस्सा या मृत जीवाणूंचा असतो. गाय शाकाहारी आहे असे आपण म्हणतो ते तिच्या तोंडापुरते खरे.

वाघाचे प्रकरण त्या मानाने आटोपशीर आहे. एकच जठर, तीव्र आम्ल, आखूड आतडे. मांस मुळातच पचनास सुलभ असल्यामुळे त्याला जीवाणूंची मनधरणी करावी लागत नाही. मात्र या सुखवस्तू प्राण्याला कॅरोटीनपासून अ जीवनसत्त्व घडविता येत नाही, म्हणून हिरव्या पाल्यातील त्या द्रव्यापासून चितळाने बनवून यकृतात साठविलेले जीवनसत्त्व तो आयते घेतो. रानडुक्कर एकजठरीच, पण सर्वभक्षी. कंद, फळे, किडे यांतील पिष्ट आणि प्रथिने त्याच्या लहान आतड्यात विरघळतात. साखर आणि ॲमिनो आम्ले रक्तातून यकृताकडे जातात, स्निग्धांश लसवाहिन्यांच्या आडवाटेने जातो, आणि उरलेल्या तंतूंवर जीवाणूंचा अंमल बसतो तो थेट मोठ्या आतड्यात.

रवंथ करणारे आणि एकजठरी अशा दोन रकान्यांत सर्व पशूंची नोंद करणे दप्तराच्या सोयीचे खरे. परंतु वनविहारातील झाडांवर बसलेले लंगूर त्या दप्तराची फजिती करते. ते माकड आहे, रवंथ करीत नाही, तरीही त्याचे जठर मोठे आणि कप्प्याकप्प्यांचे असून त्याच्या पुढील भागात पाने जीवाणूंकडून आंबविली जातात. 1987 साली स्टुअर्ट, शिलिंग आणि विल्सन या संशोधकांनी लंगुराच्या पोटातील लायसोझाइम हे जीवाणुनाशक विकर तपासले. एरवी अश्रूंत आणि लाळेत आढळणारे हे प्रथिन गाय आणि लंगूर या दोघांनी जठराच्या कामास जुंपले असून, आम्लात टिकून राहण्यासाठी त्याच्या रचनेत काही ठिकाणी नेमके तेच बदल दोघांत स्वतंत्रपणे झालेले आहेत, असे त्यांना आढळले. इतक्या दूरच्या दोन कुळांनी कुळे खाण्याची एकच युक्ती शोधावी, याहून मोठा पुरावा त्या युक्तीच्या उपयुक्ततेला मी तरी मागणार नाही.

मध्य प्रदेशातील कान्ह्याच्या अरण्यात लंगुरांनी झाडावरून टाकलेली पाने आणि फळे खाली चितळ वेचून खातात, हे अभ्यासकांनी नोंदविले आहे. माणसाने पुढे केलेली पोळी किंवा बिस्कीट हा मात्र निराळा मामला आहे. पिष्ट एकदम मोठ्या प्रमाणात कोटीपोटात पडले की लॅक्टिक आम्ल करणारे जीवाणू माजतात, एरवी सहा ते सात यांच्या दरम्यान असणारा सामू पाचाच्याही खाली घसरू शकतो, सेल्युलोज फोडणारे जीवाणू मरू लागतात आणि पोटाची हालचाल थांबते. लग्नसमारंभानंतर उकिरड्यावरचा भात पोटभर खाल्लेली गाय दुसऱ्या दिवशी उठत नाही, त्यामागे बहुधा हेच कारण असते. पोटात अन्न काठोकाठ भरलेले असते, पण त्यावर काम करणारे उरलेले नसतात.