लेक इंजिनिअरिंगला निघाली, तर आधी काय विचाराल?



जून महिन्यात आमच्या गटाच्या बैठकीत एका ताईंनी ५० हजारांचं कर्ज मागितलं. लेकीनं बारावी सायन्स करून सीईटी दिली होती. ओळखीचा एकजण म्हणाला होता, "आत्ताच पैसे द्या, जागा पक्की करतो." कुठल्या शाखेची जागा, असं विचारलं तर ताई म्हणाल्या, "इंजिनिअरिंगची की!"

इथंच आपली चूक होते. इंजिनिअरिंगमध्ये वेगवेगळे विभाग असतात आणि प्रत्येकाची पदवी वेगळी. आपल्या यंत्रमागावरूनच बघूया. मागाचा सांगाडा, गिअर हे मेकॅनिकलचं काम. मोटर आणि वीज इलेक्ट्रिकलची. शेड सिव्हिलवाले बांधतात. सायझिंगची खळ, कापडाचा रंग, रंगाच्या पाण्याची शुद्धी हे केमिकलचं. नव्या मागाचं नियंत्रण इलेक्ट्रॉनिक्स आणि कॉम्प्युटरचं. सुतापासून कापडापर्यंतचं सगळं शास्त्र म्हणजे टेक्स्टाइल. ते शिकवणारी डीकेटीई संस्था १९८२ पासून आपल्याच गावात आहे.

कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठ १९६२ साली सुरू झालं. त्याच्या आवारातच तंत्रज्ञान विभाग आहे. तिथं अन्न तंत्रज्ञान हीसुद्धा शाखा आहे. आपण गटात पापड-मसाले करतो. ते किती दिवस टिकतील, पाकीट कसलं हवं, यामागचं शास्त्र म्हणजे हीच शाखा. मग सांगा, हे बायकांचं काम नाही असं कोण म्हणेल?

आता पैशाचं. २०२४-२५ पासून राज्य सरकारनं ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींचं शिक्षण शुल्क व परीक्षा शुल्क पूर्ण माफ केलं आहे. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत हवं. प्रवेश मात्र सरकारी कॅप फेरीतूनच झाला पाहिजे. मॅनेजमेंट कोट्यातून घेतलेल्या जागेला ही सवलत नाही. म्हणजे ताईंनी त्या माणसाला पैसे दिले असते, तर कर्जही झालं असतं आणि माफीही गेली असती.

म्हणून उत्पन्नाचा आणि जातीचा दाखला आधीच काढून ठेवा. प्रवेशानंतर महाडीबीटीवर अर्ज करा. तो दर वर्षी करावा लागतो. वसतिगृह, मेस, पुस्तकं यांचा खर्च वेगळा धरा. दहावीनंतर डिप्लोमा करून थेट पदवीच्या दुसऱ्या वर्षाला जाण्याचीही वाट आहे.

त्या ताई थांबल्या. लेकीनं स्वतः शाखा निवडली, कॅपचा फॉर्म भरला. गटाकडून त्यांनी १२ हजार घेतले, तेही मेससाठी. त्या अजून कांडी भरायला जातात. परवा हप्ता भरताना म्हणाल्या, "आता कुणी विचारलं तर शाखेचं नावसुद्धा सांगते."

तुमच्या गटातही यंदा बारावीची लेक असेल. पुढच्या बैठकीत कर्जाच्या आधी तिची शाखा विचारा.