भांगातले दोन दिवस

सुट्टी जवळ आली की आमच्या घरी महाबळेश्वर की माथेरान अशी चर्चा सुरू होते, आणि हिशेबाची वही उघडली की ती आपोआप थांबते. त्या नाताळातही तेच झालं. दुसऱ्या दिवशी मासळीची पाटी घेऊन आलेल्या मढच्या मावशीने विचारलं, "काय गो बाय, सुट्टीत कुठं जाणार?" म्हटलं, कुठे नाही, घरीच. "मग आमच्याकडं ये की. पण अष्टमीला ये. भांग असतो तेव्हा."

नऊ वर्षं मी तिच्याकडून मासळी घेते आहे आणि नऊ वर्षं घासाघीस करते आहे. पण भांग म्हणजे काय, हे मला ठाऊक नव्हतं. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास समुद्राला उधाण असतं. पाण्याला ओढ असते. बोंबील धरायची डोलजाळी एका जागी बांधलेली असतात, मासळी त्यांच्यात पाण्याच्या ओढीनेच शिरते. अष्टमीच्या सुमारास ओढ मंदावते, तो भांग. तेव्हा डोलवाल्यांना जरा उसंत. म्हणजे मावशीचा रविवार कॅलेंडरच्या लाल आकड्यावर नसतो, चंद्रावर असतो.

सासूबाईंच्या कपाळाला आठी पडली. "मासळी घ्यायची ती घ्या, तिच्या घरी राहायला कशाला?" ह्यांनी मात्र चक्क पिशवी भरायला घेतली. मी रव्याचे लाडू डब्यात भरले आणि लेकीला घेऊन आम्ही निघालो.

अंधेरीहून वेसाव्याच्या बंदरावर गेलं की होडीने खाडी ओलांडायला पाच-दहा मिनिटं पुरतात. (घाटकोपर-मुलुंडकडच्या मैत्रिणींना 2014 पासून घाटकोपर-वेसावे मेट्रो आहेच, बोरिवलीकरांना मालाडहून मढची बस सोयीची.) त्या पाच मिनिटांत उंच इमारती मागे राहतात आणि आधी वास येतो. खोटं कशाला बोलू, लेकीने नाक दाबलं. संध्याकाळपर्यंत तिच्या ते लक्षातही राहिलं नाही.

बघण्यासारखं बरंच आहे. पोर्तुगीजांनी बांधलेला किल्ला 1739 मध्ये वसईच्या मोहिमेत मराठ्यांनी घेतला. आता तो हवाई दलाच्या ताब्यात असल्याने बाहेरूनच पाहावा लागतो. जवळच एरंगळला समुद्रकाठी 1575 चं जुनं चर्च आहे, त्याची जत्रा जानेवारीत भरते. आम्ही हे सगळं एका सकाळीत उरकलं. कारण माझा पाय अडकला तो वलांड्यांपाशी.

वलांडी म्हणजे बांबू उभे करून त्यांना आडव्या दोऱ्या बांधलेली मांडणी. दोन बोंबील घ्यायचे, एकाचा जबडा दुसऱ्याच्या जबड्यात अडकवायचा आणि जोडी दोरीवर टाकायची. मावशीचे हात हे काम न बघता करतात. माझ्याकडून पहिल्या दहांपैकी चार जोड्या वाळूत पडल्या, बारीक दात बोटांना बोचले ते वेगळंच. ताज्या बोंबलात बहुतेक पाणीच, त्यामुळे वाळून हाती येतं ते थोडंसं. सुके बोंबील महाग म्हणून आपण कुरकुर करतो तेव्हा हे कुठे डोक्यात असतं!

पहिल्या रात्री जेवण झालं. आमटी, भाकरी आणि तळलेले बोंबील. (ते कुरकुरीत कसे, याचं गुपित विचारून घेतलं: चिरून स्वच्छ करायचे, दोन फळ्यांमध्ये ठेवून वर पाटा ठेवायचा, पाणी निथळलं की मगच मीठ-मसाला आणि तांदळाचं पीठ.) आम्ही ओट्यावर टेकलो तोच मावशी आभाळाकडे बघून उठली. ढग आले होते. पाच मिनिटांत अख्खी गल्ली वलांड्यांकडे धावली. बायका, पोरं, म्हातारी माणसं. उधाणात आलेली मासळी जेमतेम सुकत आली होती. ती भिजली तर तिच्यात किडे पडतात, मग खतात घालण्यावाचून इलाज नाही. आम्हीही धावलो. ओंजळी भरभरून पाट्यांत टाकलं, वर ताडपत्र्या ओढल्या. पाऊस आला तो चार थेंबांचा. पण 2017 च्या डिसेंबरात ओखी वादळाच्या वेळी आलेला पाऊस चार थेंबांचा नव्हता. तेव्हाचा माल गेला, घेतलेली उचल राहिली, ती फेडायला दीड वर्ष लागलं, असं मावशीने ताडपत्रीची दोरी आवळता आवळता सांगितलं.

मग झोप कुणाला? चहा झाला. मावशीची सून मालाडला एका कचेरीत नोकरी करते. तिला पाटी नको. मावशी म्हणाली, "तिचं बरोबर हाय. पहाटे बर्फात हात घालून माझी बोटं वाकडी झाली." मग थोड्या वेळाने, "पण मग वलांडीची जागा कोण राखंल?" वेसावे-मढ पुलाची योजना आहे. पूल झाला तर बाजाराला जाणं सोपं होईल, हे तिलाही कळतं. पण गाडीरस्ता आला की मोकळ्या जागेकडे साऱ्यांचे डोळे लागतात, आणि पिढ्यान्‌पिढ्या मासळी सुकवली त्या जागेचा कागद आपल्याजवळ नाही, ही तिची धास्ती. सून म्हणाली, "कागदाचं मी बघतेय, आई." ती रजा टाकून कचेऱ्यांच्या फेऱ्या मारते, हे मावशीला त्या रात्री पहिल्यांदाच कळलं. ती काही बोलली नाही. सुनेच्या कपात तिने अजून थोडा चहा ओतला.

जाणार असाल तर दोन गोष्टी. तिथी बघून जा. आणि पावसाळा टाळा. 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद असते, तेव्हा वलांड्या रिकाम्याच दिसतील. सुके बोंबील घेताना मोडून बघा, कट्‌कन मोडले पाहिजेत. घरी आणल्यावर पुन्हा एक ऊन द्या आणि घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा.

सासूबाईंनी डबा उघडून वास घेतला. "बरे आहेत," म्हणाल्या. "लाडू आवडले का तिला?"