मेन बंद, तरी वायर जिवंत

भिवंडीजवळच्या शेलारमध्ये वीज गेली की माग थांबतात. घरातला पंखा मात्र इन्व्हर्टरवर फिरतच राहतो. आम्हाला भीती वाटते ती याच सोयीची. मेन स्विच पाडून घरातले कुणी बिनधास्त होल्डर उघडते, आणि त्या वायरीत इन्व्हर्टरचे 230 व्होल्ट तसेच असतात. म्हणून मेनबरोबर इन्व्हर्टरही बंद करा, मग टेस्टर लावून पाहा.

बॅटरी 12 व्होल्टची, सहसा झटका देत नाही. पण तिला गरीब समजू नये. दोन्ही टोकांवर पाना आडवा पडला तर शेकडो अँपिअर वाहून तो लाल होतो. हात लावण्याआधी अंगठी, बांगड्या उतरवा. चार्जिंगच्या वेळी तिच्यातून हायड्रोजन निघतो. जिन्याखालच्या बंद कपाटात ती नको, जवळ अगरबत्तीही नको.