पैसे घ्यायला पिन लागत नाही!

नाशिककरांनो, जुना सोफा किंवा सायकल ओएलएक्सवर विकायला टाकलीय? मग असा फोन येऊ शकतो: "सर, मी आर्मीत आहे, देवळाली कॅम्पला बदली झालीय. वस्तू पसंत आहे, ॲडव्हान्स लगेच पाठवतो." देवळालीला स्कूल ऑफ आर्टिलरी असल्याने आपल्याला यात काहीच खटकत नाही. व्हॉट्सॲपवर गणवेशातला फोटो आणि ओळखपत्रही येतं. अनेकदा ते दुसऱ्याच जवानाचं असतं. याचा मला सगळ्यात जास्त संताप येतो.

वस्तू न बघता, घासाघीस न करता गिऱ्हाईक तयार झालं, तिथेच सावध व्हा. पुढे क्यूआर कोड येतो: "स्कॅन करून पिन टाका, पैसे जमा होतील." विश्वास बसावा म्हणून आधी पाच-दहा रुपये खरोखर पाठवतातही. पण यूपीआयवर पैसे घ्यायला पिन लागतच नाही; अशा कोडवर पिन टाकला की आपल्याच खात्यातून पैसे जातात. "चुकून जास्त गेले, परत करा" म्हणाले, तर पैसे जमा झाल्याच्या मेसेजवर विसंबू नका, बँकेच्या ॲपमध्ये शिल्लक बघा.

पैसे गेलेच तर लाजू नका, ताबडतोब सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनला फोन लावा. उशीर झाला की रक्कम पुढच्या खात्यांत पांगते आणि गोठवणं अवघड होतं.