छोटूची पुन्हा टेस्ट करायची का?

घरातल्या लहानग्याला नुकताच कोविड होऊन गेलाय आणि नाक परत वाहायला लागलंय. सगळे तुमच्याकडे बघतायत. काय सांगाल?

घरातलं कॉलेजला जाणारं पोरगं किंवा पोरगी म्हणजे घराचं हेल्पडेस्क. आजोबांचा मोबाइल हँग झाला, हाक तुम्हाला. आधारचा ओटीपी येईना, हाक तुम्हालाच. आणि पुतणीला कोविड होऊन तीन आठवडे झाल्यावर ती परत शिंकायला लागली, की वहिनीही तुम्हालाच विचारणार, ‘अरे, हिची परत टेस्ट करून घेऊ या का?’ तिकडे शाळेतून निरोप आलेला असतो, रविवारी साखरपुडा असतो आणि घरात शुगरवाली आजी असते.

हा प्रश्न जुना झाला असं समजू नका. जागतिक आरोग्य संघटनेने ५ मे २०२३ ला कोविडची आणीबाणी संपल्याचं जाहीर केलं, पण विषाणू काही आपलं गाव सोडून गेला नाही. मे २०२५ मध्ये मुंबई-ठाण्यात रुग्ण पुन्हा वाढले होतेच. तेव्हा उत्तर तयार ठेवलेलं बरं.

टेस्ट नक्की काय शोधते?

आरटीपीसीआर विषाणू जिवंत आहे की मेलेला, हे सांगत नाही. ती त्याच्या आरएनएचा तुकडा शोधते आणि त्याच्या प्रती काढत सुटते. एकाच्या दोन, दोनाच्या चार, चाराच्या आठ. अशा ३० फेऱ्या झाल्या की एका तुकड्याचे शंभर कोटींच्या वर होतात. या पीसीआर तंत्रासाठी कॅरी मलिस यांना १९९३ मध्ये रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं, ते उगाच नाही.

पण हीच ताकद इथे अडचण होते. सौम्य आजारात जिवंत विषाणू साधारण दहा दिवसांनंतर क्वचितच सापडतो. त्याचे तुकडे मात्र नाकात कित्येक आठवडे, कधी कधी तीन महिन्यांपर्यंत राहू शकतात. लग्न लागून पाहुणे घरी गेले तरी मांडवात अक्षता पडलेल्या असतात ना, तसंच. आरटीपीसीआर अक्षता बघते आणि म्हणते, लग्न आहे!

दक्षिण कोरियात २०२०च्या सुरुवातीला नेमकं हेच झालं. बरे झालेले लोक परत पॉझिटिव्ह यायला लागले आणि जगभर घबराट पसरली. तिथल्या रोग नियंत्रण केंद्राने अशा २८५ जणांचा आणि त्यांच्या संपर्कातल्या ७९० जणांचा माग काढला. या ‘परत पॉझिटिव्ह’ लोकांपासून कुणाला लागण झाल्याचा पुरावा मिळाला नाही. १०८ नमुन्यांमधून विषाणू वाढवून पाहिला, एकातही वाढला नाही.

‘मग सीटी व्हॅल्यू बघू की!’ असं कुणीतरी म्हणणारच. २०२१ मध्ये महाराष्ट्रातून आयसीएमआरला विचारणा झाली होती, की पॉझिटिव्ह ठरवायची सीटीची मर्यादा ३५ वरून २४ वर आणावी का? आयसीएमआरने नाही म्हटलं. स्वॅब कसा घेतला, कसा नेला, किट कोणतं वापरलं, यावरही हा आकडा बदलतो. त्यामुळे फक्त त्याच्यावर विसंबून निर्णय घेता येत नाही.

नियम काय म्हणत होते?

आयसीएमआरने ४ मे २०२१ च्या सूचनेतच सांगितलं होतं, की एकदा पॉझिटिव्ह आलेल्या व्यक्तीची आरटीपीसीआर परत करू नका. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाच्या ५ जानेवारी २०२२ च्या नियमांत घरच्या विलगीकरणाचा हिशोब सोपा होता. पॉझिटिव्ह आल्यापासून किमान ७ दिवस झाले आणि सलग ३ दिवस ताप नसला, की सुट्टी. नंतर परत टेस्टची गरज नाही.

तरीही टेस्ट मागितल्या गेल्या. माझा मावसभाऊ तेव्हा आठ वर्षांचा होता. जानेवारी २०२२ मध्ये त्याला दोन दिवस ताप आला, पॉझिटिव्ह निघाला आणि आठवड्यात घरभर हुंदडायला लागला. शाळा उघडल्यावर मात्र वर्गात बसायला निगेटिव्ह रिपोर्ट मागितला गेला. पंधराव्या दिवशी आरटीपीसीआर केली, तर परत पॉझिटिव्ह! ठणठणीत पोरगा पुन्हा एका खोलीत. नाकात काडी जाणार म्हटल्यावर तो पलंगाखाली जाऊन बसायचा. शेवटी त्यांच्या डॉक्टरांनी ‘शाळेत जायला हरकत नाही’ अशी चिठ्ठी लिहून दिली आणि शाळेने ती मान्यही केली. ती चिठ्ठी आधीच मागता आली असती. तुमच्या घरी अशी वेळ आली, तर लॅबच्या आधी डॉक्टरांकडे जा.

स्वतःला विचारा हे तीन प्रश्न

एक, किती दिवस झाले? पहिल्या लागणीला तीन महिने उलटले असतील, तर नवीन आजार समजून डॉक्टरांना दाखवा. टेस्टही नव्याने होऊ शकते. तीन महिन्यांच्या आत असाल, तर आरटीपीसीआर गोंधळ घालू शकते. अशा वेळी अँटिजेन टेस्ट जास्त कामाची. अमेरिकेच्या सीडीसीचा सल्लाही असाच होता. अँटिजेनला विषाणूचं प्रथिन भरपूर लागतं, त्यामुळे जुन्या तुकड्यांवर ती सहसा फसत नाही. मात्र लक्षणं असताना एकदा निगेटिव्ह आली म्हणून लगेच निर्धास्त होऊ नका. गरज वाटली तर ४८ तासांनी परत करतात.

दोन, आत्ता लक्षणं आहेत का? मूल खेळतंय, खातंय, ताप नाही, तर ‘फक्त खात्रीसाठी’ टेस्ट नको. नवीन ताप-सर्दी असेल, तर ती कोविडचीच असेल असंही नाही. लहान मुलांना वर्षाला सहा-आठ वेळा सर्दी होणं नेहमीचंच आहे. शिवाय पावसाळ्यात ताप आला, तर आपल्याकडे डेंग्यू आणि मलेरियाची तपासणी जास्त महत्त्वाची ठरू शकते. कोविडच्या रिपोर्टच्या नादात ती राहून जायला नको.

तीन, आणि हा सगळ्यात महत्त्वाचा. रिपोर्ट आल्यावर आपण काय वेगळं करणार? पॉझिटिव्ह आला तरी पॅरासिटामॉल, पाणी, आराम आणि निगेटिव्ह आला तरी तेच, असं असेल तर त्या काडीचा उपयोग काय? रिपोर्टमुळे उपचार बदलणार असतील, मुलाला दाखल करायचं असेल किंवा मुलाला आधीपासून मोठा आजार असेल, तर टेस्टला अर्थ आहे. तो निर्णय डॉक्टरांचा.

आणि आजीचं काय?

खरी काळजी हीच असते. पण शिंकणाऱ्या नातवंडापासून आजीला जपायचं, ते रिपोर्ट कसाही आला तरी. शुगर असलेल्या सत्तरीतल्या माणसाला फ्लूसुद्धा महागात पडतो. म्हणून चार-पाच दिवस छोटूचं अंथरूण वेगळ्या खोलीत, खिडक्या उघड्या, आजीच्या ताटात हात घालणं बंद. मास्क आजीने आणि तुम्ही लावा. पाच वर्षांपर्यंतच्या मुलांना मास्क लावू नका, असं २०२२ च्या सरकारी सूचनांत म्हटलं होतं. आणि साखरपुड्याला ताप असलेलं मूल नेऊच नका. निगेटिव्ह रिपोर्ट खिशात असला तरी!

इथे मात्र थांबू नका

कोविड होऊन साधारण दोन ते सहा आठवड्यांत मुलाला पुन्हा जोराचा ताप आला, सोबत अंगावर पुरळ, लाल डोळे, पोटदुखी किंवा उलट्या असतील, तर त्याच दिवशी बालरोगतज्ज्ञांना दाखवा. एमआयएस-सी नावाचा दुर्मिळ पण गंभीर त्रास असा सुरू होऊ शकतो. धाप लागणं, श्वास घेताना छाती आत ओढली जाणं, मूल सुस्त पडणं, पाणी न पिणं, शू कमी होणं, यातलं काहीही दिसलं तर लॅबच्या रिपोर्टची वाट बघत बसू नका. थेट दवाखाना गाठा आणि डॉक्टरांना पहिली लागण कोणत्या तारखेला झाली होती, ते आवर्जून सांगा.

ती तारीख आत्ताच मोबाइलमध्ये नोंदवून ठेवा. पहिल्या रिपोर्टचा फोटोही फॅमिली ग्रुपवर पिन करून टाका. हेल्पडेस्कला एवढं तर जमतंच की!