ब्लॅकस्टोन : इतरांच्या पैशांतून उभी राहिलेली सत्ता

पुण्यातील हिंजवडीची क्वाड्रन व क्यूबिक्स ही कार्यालयसंकुले, मुंबईच्या नरिमन पॉइंटवरील एक्सप्रेस टॉवर्स आणि नवी मुंबईतील सीवुड्सचा मॉल यांत रोज हजारो माणसांची ये-जा असते. परंतु गेल्या दहा-बारा वर्षांत या सर्वांच्या मालकीत न्यूयॉर्कच्या एकाच संस्थेचा मोठा वाटा राहिला, हे त्यांपैकी फार थोड्यांना ठाऊक असेल. ब्लॅकस्टोन ही ती संस्था होय. 2023 च्या मध्यास तिच्या व्यवस्थापनाखालील रक्कम 1 लाख कोटी डॉलरवर पोहोचली आणि हा टप्पा गाठणारी ती खासगी गुंतवणुकीच्या क्षेत्रातील पहिली संस्था ठरली.

यातील बहुतेक पैसा ब्लॅकस्टोनचा स्वतःचा नाही, आणि या व्यवसायाचे मर्म नेमके तेथेच आहे. शिक्षक, अग्निशामक दलाचे जवान, सरकारी कर्मचारी यांचे निवृत्तिवेतन निधी, विमा कंपन्या, विद्यापीठे आणि धनाढ्य कुटुंबे काही वर्षांसाठी आपली रक्कम अशा संस्थेच्या हाती सोपवतात; संस्था त्या रकमेतून कंपन्या किंवा इमारती विकत घेते, त्यांचा कारभार बदलते आणि साधारण पाच-सात वर्षांनी त्या विकून टाकते. या पद्धतीला प्रायव्हेट इक्विटी म्हणतात. व्यवस्थापनाचे शुल्क दरवर्षी सुमारे 2 टक्के आणि ठरलेल्या मर्यादेपुढील नफ्यात 20 टक्के वाटा, असा मोबदल्याचा रूढ प्रघात आहे.

नफ्याचे प्रमाण मात्र कर्जामुळे वाढते. 100 कोटींची कंपनी घेताना 30 कोटी गुंतवणूकदारांचे आणि 70 कोटी कर्जाचे असतील, व्याज कंपनीच्याच उत्पन्नातून फेडले जात असेल आणि पुढे ती कंपनी 130 कोटींना विकली गेली, तर कर्ज वजा जाता 60 कोटी उरतात. म्हणजे किंमत तीस टक्क्यांनी वाढली, पण गुंतवणूक दुप्पट झाली. हीच कंपनी 80 कोटींना विकावी लागली, तर 30 कोटींचे 10 कोटी होतात. हे कर्ज खरेदी करणाऱ्या संस्थेच्या नव्हे, तर खरेदी झालेल्या कंपनीच्या नावावर चढते, ही बाब या व्यवसायाचे मूल्यमापन करताना नजरेआड करता येत नाही.

अमेरिकेचे माजी वाणिज्यमंत्री पीटर पीटरसन आणि त्यांचे लेहमन ब्रदर्समधील तरुण सहकारी स्टीफन श्वार्झमन यांनी 1985 मध्ये अवघ्या 4 लाख डॉलरवर ब्लॅकस्टोन सुरू केली. पहिल्या निधीसाठी दारोदार फिरल्यावर प्रुडेन्शियल या विमा कंपनीने 10 कोटी डॉलर दिले, आणि ऑक्टोबर 1987 मध्ये शेअर बाजार कोसळण्याच्या अगदी थोडे आधी हा निधी पूर्ण झाला. पीटरसन यांची प्रतिष्ठा आणि श्वार्झमन यांची जिद्द यांच्याइतकाच वेळेचाही या यशात वाटा होता.

वेळेची ही जाण 2007 मध्ये अधिक ठळकपणे दिसली. फेब्रुवारीत कर्जासह सुमारे 3,900 कोटी डॉलरला इक्विटी ऑफिस ही कार्यालयीन इमारतींची कंपनी घेऊन ब्लॅकस्टोनने त्यांतील बहुसंख्य इमारती लगोलग विकल्या. त्या चढ्या भावाने घेणारे काही जण मंदीत अडचणीत आले. त्याच वर्षी सुमारे 2,600 कोटी डॉलरला घेतलेल्या हिल्टन हॉटेल्सचे मूल्य मंदीने कागदावर कितीतरी घसरले, तरी कर्जाची फेररचना करून, मुख्यालय कॅलिफोर्नियातून व्हर्जिनियात हलवून आणि हॉटेलांची संख्या वाढवून संस्था टिकून राहिली. 2018 मध्ये तिने हिल्टनमधील उरलेला वाटा विकला, तोपर्यंत एकूण नफा सुमारे 1,400 कोटी डॉलर झाला होता. कारभार सुधारून मूल्य वाढवता येते, या दाव्याला हिल्टनइतका सबळ पुरावा क्वचितच मिळेल.

दुसरी बाजूही तितक्याच स्पष्टपणे नोंदवली पाहिजे. 2012 पासून, अमेरिकेतील गृहकर्जाच्या संकटानंतर स्वस्त झालेली हजारो घरे विकत घेऊन ती भाड्याने देण्याचा व्यवसाय संस्थेने इन्व्हिटेशन होम्समार्फत उभा केला. घर ही निवाऱ्याऐवजी गुंतवणुकीची वस्तू होत असल्याची टीका 2019 मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या गृहहक्कविषयक प्रतिनिधींनी केली, आणि ब्लॅकस्टोनने ती फेटाळली. ब्लॅकस्टोनच्या मालकीच्या पॅकर्स सॅनिटेशन या कंपनीला 2023 मध्ये मांसप्रक्रिया कारखान्यांच्या धोकादायक साफसफाईवर किमान 102 अल्पवयीन मुलांना नेमल्याबद्दल 15 लाख डॉलरचा दंड झाला. मालकी ज्या निधीकडे असते आणि निधीत ज्यांचा पैसा असतो, ते कारखान्यापासून इतके दूर असतात की जबाबदारी कोणाची, हा प्रश्न दंड भरल्यानंतरही उरतो.

भारतात 2019 मध्ये पहिला रीट बाजारात आला तो एम्बसी समूह आणि ब्लॅकस्टोन यांचा. भाड्याच्या इमारतींची मालकी लहान हिश्श्यांत, म्हणजे युनिटांत विभागून ती शेअर बाजारात विकण्याच्या व्यवस्थेला रीट म्हणतात. सामान्य बचतदाराला यातून मोठ्या मालमत्तेत वाटा मिळाला, हे चांगलेच झाले. परंतु डिसेंबर 2023 मध्ये ब्लॅकस्टोनने एम्बसी रीटमधील उरलेला सर्व हिस्सा विकला, आणि अशा संस्थेने विकून बाहेर पडणे हा तिच्या व्यवहाराचा ठरलेलाच भाग असतो. म्हणून असे युनिट किंवा अशा संस्थेकडून बाजारात आलेला समभाग घेणाऱ्या वाचकाने मिळणाऱ्या परताव्याआधी, त्या मालमत्तेवर किती कर्ज शिल्लक आहे, तो आकडा माहितीपत्रकात शोधून वाचावा.