शंख, चक्र आणि बाळासो

नुसतं 'कवठे' म्हणालात तर समोरचा विचारणारच, कुठलं? वाईजवळचं, किसन वीरांचं कवठे आहे. शिरूरकडचं कवठे यमाई आहे. दसऱ्याला शोभेच्या दारूकामाने रात्र उजळून काढणारं तासगाव तालुक्यातलं कवठे एकंद आहे. आणि मिरजेहून पंढरपूरकडे निघालं की वाटेवर लागणारं, महांकालीचं नाव लावणारं कवठे महांकाळ आहे. आता हे शेवटचं तरी एकच असावं ना? पण कुणी ते जोडून लिहितं, कुणी तोडून, कुणी मधला अनुस्वार गिळतं. इंग्रजी स्पेलिंगचं तर ज्याचं त्याच्यापाशी. एसटीच्या कंडक्टरचं यामुळे काही अडत नाही. कॉम्प्युटरचं अडतं. त्याच्या लेखी ही चार वेगळी गावं.

माणसांचं तर विचारूच नका. सांगली-कोल्हापूरकडे बाळासाहेब कागदावर उतरला की 'बाळासो' होतो, अण्णासाहेबाचा 'अण्णासो' होतो. सातबाऱ्यावर बाळासो, आधारवर बाळासाहेब, पारावर बाळू. म्हणून तर पोलिसांच्या कागदात 'ऊर्फ' हा शब्द इतका राबतो. आडनाव पाटील असेल तर संपलंच.

आता बघा. पोलीस ठाणं, कोर्ट, तुरुंग, न्यायवैद्यक प्रयोगशाळा आणि सरकारी वकिलांचं कार्यालय अशी पाच दारं आहेत, पाच खाती आहेत. आपण ज्याबद्दल लिहितोय तो माणूस एकच आहे, हे या पाचांना कळतं कसं? मला हा प्रश्न आधी कारकुनी वाटला होता. खोलात गेल्यावर वाटेना.

कवठे महांकाळच्या पट्ट्याला ओळखीचं एक उदाहरण घेऊ. द्राक्षाचा हंगाम. परराज्यातला व्यापारी बागेत येतो, घड हातात घेऊन बघतो, दर ठरतो. पहिल्या गाडीचे पैसे रोख. दुसरीचेही. विश्वास बसतो. पुढच्या गाड्यांसाठी चेक मिळतो, आणि तो बँकेत टाकेपर्यंत फोन बंद. ही फसवणूक या भागातल्या बागायतदारांना नवी नाही. शेतकरी ठाण्यात जातो, ठाणे अंमलदार फिर्याद लिहून घेतो, गुन्हा रजिस्टर नंबर पडतो. समजा, व्यापारी सापडला. अटक झाली, मॅजिस्ट्रेटपुढे उभा केला, कोठडी संपली, सांगलीच्या जिल्हा कारागृहात रवानगी झाली. (गणेशदुर्गातला हाच तो तुरुंग. २४ जुलै १९४३ रोजी वसंतदादा पाटील आणि त्यांचे साथीदार तो फोडून बाहेर पडले होते.) चेकवरच्या सहीची तपासणी पुण्याला, व्यापाऱ्याचा मोबाइल प्रयोगशाळेकडे, दोषारोपपत्र कोर्टात.

या प्रवासात प्रकरणाचं पाच ठिकाणी पाचदा बारसं होतं. ठाण्यात गु.र.नं., कोर्टात आर.सी.सी. नंबर, तुरुंगात बंदी क्रमांक, मुद्देमालाच्या नोंदवहीत वेगळा आकडा, प्रयोगशाळेत आणखी वेगळा. या पाच आकड्यांमधला पूल म्हणजे कोर्ट पैरवीला नेमलेला हवालदार. काखेत पिशवी, पिशवीत प्रती, बारनिशीत (म्हणजे आवक-जावक वहीत) नोंद, पलीकडच्या कारकुनाची पोच, पुढची तारीख हाताने टिपून परत. यातला प्रत्येक कागद प्रत्येक ठिकाणी कुणीतरी नव्याने लिहून काढायचा. बाळासोचा बाळासाहेब आणि बाळासाहेबाचा बाबासाहेब होण्याची सोय प्रत्येक टप्प्यावर होती.

२६/११च्या हल्ल्यानंतर, २००९ साली, देशातली सगळी पोलीस ठाणी एका जाळ्यात आणण्याच्या योजनेला केंद्राने मंजुरी दिली. तिला सगळे 'सीसीटीएनएस' म्हणतात. गंमत अशी, की त्या वर्षी महाराष्ट्राचं गृहखातं आधी जयंत पाटलांकडे होतं आणि निवडणुकीनंतर आर. आर. पाटलांकडे, म्हणजे आबांकडे आलं. दोघेही सांगलीचेच, आणि आबा तर तासगाव-कवठे महांकाळचे आमदार. राज्यात ही यंत्रणा प्रत्यक्ष सुरू झाली २०१५मध्ये. त्याच वर्षी फेब्रुवारीत आबा गेले होते.

पण ठाणी एकमेकांना जोडली म्हणजे ठाणं कोर्टाला जोडलं, असं होत नाही. कोर्टांचा संसार वेगळा होता. देशभरच्या जिल्हा आणि तालुका न्यायालयांत जी प्रणाली चालते ती पुण्यात, राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्रात घडली, हे कितीजणांना ठाऊक असतं? तिने प्रत्येक खटल्याला सोळा अक्षरांचं एक नाव दिलं. त्याला सीएनआर म्हणतात. ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावरचा नमुनाच पाहा : एमएचएयू०१९९९९९९२०१५. पहिली दोन अक्षरं राज्याची, पुढची दोन जिल्ह्याची (इथे एयू, म्हणजे पूर्वीचं औरंगाबाद), मग दोन आकडे कोर्टाचे, सहा आकडे क्रमांकाचे, शेवटचे चार सालाचे. न्यायाधीश बदलले, वकील बदलला, तरी त्या खटल्याचं हे नाव पुसलं जात नाही.

मग या दोन संसारांत तुरुंगाची प्रणाली, प्रयोगशाळेची आणि अभियोक्त्यांची प्रणाली आणून बसवायची, असा बेत झाला. त्याचं नाव आयसीजेएस. पहिला प्रयोग तेलंगणात झाला, आणि दुसऱ्या टप्प्यासाठी २०२२मध्ये केंद्राने ३,३७५ कोटी रुपये मंजूर केले. तत्त्व एका ओळीत मावतं : नोंद एकदाच, ज्याची त्याने करायची, बाकीच्यांनी ती वाचायची. ठाण्यात भरलेली फिर्याद कोर्टाच्या पडद्यावर आपोआप उमटावी, कोर्टाने दिलेली तारीख ठाण्याला दिसावी, तुरुंगाने बंदी आत घेतला की तपासी अंमलदाराला ते कळावं. पाचही जण आपापल्या वहीतच लिहितात, फक्त वह्यांची पानं एकमेकांना दिसतात. एकच मोठी वही केली असती तर? सोपं झालं असतं. पण मग पोलिसांच्या वहीत न्यायाधीश लिहिणार, की न्यायाधीशांच्या वहीत पोलीस? न्यायालय स्वतंत्र असावं लागतं, ते वहीतसुद्धा. म्हणून ही शिवण.

तरी मूळ प्रश्न शिल्लक राहतोच. वही कितीही जोडा, नावाचं काय? कवठे महांकाळपासून कर्नाटकाची हद्द लांब नाही. पलीकडे अथणी. इकडची फिर्याद मराठीत, तिकडची कन्नडमध्ये. आपला द्राक्ष-व्यापारी इकडे एका नावाने, तिकडे दुसऱ्या नावाने वावरला असेल, तर कोणती प्रणाली त्याला जुळवणार?

उत्तर बोटांच्या टोकावर आहे. अक्षरशः.

लहानपणी आजी आमचे तळहात उलटे-सुलटे करून बोटांवरचे शंख आणि चक्रं मोजायची. घरोघरी मोजत असत. रेघा एका बाजूने येऊन वळसा घेत त्याच बाजूला परतल्या तर शंख. गोलगोल भोवऱ्यासारख्या फिरल्या तर चक्र. जितकी चक्रं जास्त तितकं नशीब थोर, आणि दहाही बोटांवर चक्र असेल तर तो राजा. भविष्याचं मला माहीत नाही, पण आजीच्या मोजणीत एक जबरदस्त गणित दडलेलं होतं, आणि ते शोधलं बंगालमधल्या पोलीस खात्यातल्या माणसांनी.

१८९७मध्ये कोलकात्यात बोटांच्या ठशांचं कार्यालय निघालं. अडचण ठसे घेण्याची नव्हती, शोधण्याची होती. हजारो कागदांच्या ढिगातून हा ठसा आधी आला होता का, हे सांगायचं कसं? कागद नावाने लावावेत तर चोर नाव बदलतो. एडवर्ड हेन्री या अधिकाऱ्याच्या हाताखाली अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस हे दोन भारतीय काम करत होते. पद्धत हेन्रीच्या नावाने जगभर गेली, पण तिचं गणित हकसाहेबांचं होतं.

प्रत्येक बोटाला एकच प्रश्न विचारायचा : चक्र आहे की नाही? दोनच उत्तरं. दहा बोटं. म्हणजे एकापासून दहा वेळा दुप्पट करत जायचं : २, ४, ८, १६... दहाव्या पायरीला १०२४. बरोबर १०२४ कप्प्यांचं कपाट, बत्तीस आडव्या ओळी, बत्तीस उभ्या. बोटांच्या पाच जोड्या करायच्या. पहिल्या जोडीतल्या चक्राला १६ गुण, दुसरीतल्याला ८, मग ४, २ आणि १. जोडीतल्या एका बोटाचे गुण अपूर्णांकाच्या वर, दुसऱ्याचे खाली, आणि दोन्हीकडे एकेक मिळवायचा. एकही चक्र नसेल तर १/१. दहाही चक्रं असतील तर ३२/३२. आजीचा राजा कोलकात्याच्या कपाटात शेवटच्या कप्प्यात जाऊन बसायचा!

हो किंवा नाही, दहा वेळा. आजचा प्रत्येक कॉम्प्युटर आतून हेच करतो. कॉम्प्युटर जन्माला येण्याच्या पन्नासेक वर्षं आधी कोलकात्यातल्या एका लाकडी कपाटाने ते केलं होतं. हे मला जेव्हा उमगलं तेव्हा मी खरंच माझी दहा बोटं मोजून पाहिली. सात शंख, तीन चक्रं. राजयोग नाही.

आता कपाट नाही, 'नाफिस' आहे. अटक झालेल्यांच्या ठशांची ही राष्ट्रीय प्रणाली ऑगस्ट २०२२मध्ये सुरू झाली. ती शंख-चक्रापेक्षा बारीक बघते. ठशातली रेघ कुठे संपते आणि कुठे तिला फाटा फुटतो, अशा जागा ती टिपते. म्हैसाळ योजनेच्या कालव्याला कुठे फाटा निघतो आणि पाणी कुठल्या शिवारात संपतं, हे बघून नकाशा ओळखावा, तसं. माणसाला दहा आकडी क्रमांक मिळतो, त्यातले पहिले दोन आकडे ठसा जिथे प्रथम नोंदला त्या राज्याचे. व्यापाऱ्याने नाव बदलू दे, भाषा बदलू दे, हद्द ओलांडू दे. बोटाला लिपी नसते. अथणीत घेतलेला ठसा कवठ्यात वाचता येतो, तोही दुभाष्याशिवाय.

इथे थांबून टाळ्या वाजवायला हरकत नव्हती. पण तार जोडली म्हणजे निरोप पोचला, असं समजू नये.

मुंबईच्या आर्थर रोड तुरुंगाबाहेर जामिनाच्या कागदांसाठी एक पेटी आहे. ऑक्टोबर २०२१मध्ये एका मोठ्या नटाच्या मुलाला उच्च न्यायालयाने जामीन दिला, पण कागद संध्याकाळच्या साडेपाचच्या आत त्या पेटीत पडले नाहीत, आणि त्याची आणखी एक रात्र आत गेली. तेव्हा सगळ्या देशाला त्या पेटीचा शोध लागला. त्याच वर्षी जुलैत आग्र्याच्या तुरुंगात सर्वोच्च न्यायालयाने जामीन दिलेले तेरा जण काही दिवस तसेच अडकून पडले होते. सरन्यायाधीश रमणांनी उद्वेगाने विचारलं होतं की आदेश न्यायला आपण अजून कबुतरांची वाट बघतोय का. त्यातून 'फास्टर' नावाची व्यवस्था उभी राहिली : सही-शिक्क्यानिशी आदेश थेट तुरुंगात, इलेक्ट्रॉनिक वाटेने.

आणि गुजरातचं प्रकरण तर याहून विलक्षण. उच्च न्यायालयाने २०२०मध्ये एका कैद्याची शिक्षा स्थगित करून जामीन दिला. आदेश तुरुंगाला ई-मेलने गेला, पोचलाही. पण सोबतची फाईल म्हणे उघडेना. कुणी फोन करून विचारलं नाही. माणूस जवळजवळ तीन वर्षं जास्त आत राहिला. २०२३मध्ये न्यायालयाने सरकारला एक लाख रुपये भरपाई द्यायला लावली. पूर्वीचा पैरवीचा हवालदार पोच घेतल्याशिवाय हलत नसे. मेलला पोच मागायची राहून गेली. माझं मत विचाराल तर बारनिशीतली ही एक खूण आपण नव्या यंत्रणेत सगळ्यात आधी उचलायला हवी होती.

दुसरी गोष्ट जास्त नाजूक आहे. चूक आता हाताने उतरवून घ्यावी लागत नाही, ती आपोआप पाचही ठिकाणी उमटते. २०२२च्या फौजदारी ओळख कायद्यानुसार हे ठसे आणि मोजमापं ७५ वर्षं ठेवता येतात. त्याच कायद्यात असंही आहे, की ज्याला आधी कधी शिक्षा झालेली नाही असा माणूस खटल्याविना सुटला, दोषमुक्त झाला किंवा शेवटपर्यंत लढून निर्दोष ठरला, तर न्यायालयाने कारण देऊन वेगळं सांगितलं नसेल तर नोंद नष्ट करायची. पण नष्ट करणाऱ्याला सुटकेची बातमी कळली तर ना! अटकेची बातमी पळत जाते, सुटकेची रांगत. म्हणून पाच खाती जोडण्याचा हिशेब मी पकडलेल्यांच्या आकड्यावर करणार नाही. कवठ्याच्या कोर्टात सुटलेल्या माणसाची नोंद दिल्लीत किती दिवसांत पुसली जाते, त्यावर करेन.

तोवर आपल्या हातातलं एक काम आहे. फिर्याद द्यायची वेळ आलीच, तर लिहिलेलं वाचून दाखवणं पोलिसांवर कायद्याने बंधनकारक आहे आणि प्रत फुकट मिळते. वाचून दाखवत असताना मान डोलवू नका, कागद हातात घ्या. नाव आधारवर आहे तसंच आहे का, बाळासो की बाळासाहेब, गावाचं नाव पूर्ण आहे का, तालुका लिहिलाय का, हे बघा. चुकलं असेल तर तिथेच दुरुस्त करून घ्या, आणि मगच सही करा. पुढे खटला उभा राहिला की कोर्टातून तो सोळा अक्षरी नंबर तेवढा टिपून आणा. पुढची तारीख मोबाइलवर दिसते, त्यासाठी एसटीने हेलपाटा नको.

आणि नुसतं 'कवठे' लिहू देऊ नका.